बेचाळिसावा चौकोन

सुरुवात माझ्या गाढवपणापासूनच करतो. माझं टूल जोडायचं होतं प्रोग्रामच्या टेस्ट कॉपीला, मी जोडलं थेट चालू प्रोग्रामला. एकावन्नाव्या वर्षी, जाड चष्मा लावून! भूतबित, करणी वगैरे ऐकलं की मी आजवर हसत आलोय. आमच्या गावची राखण करणाऱ्या देवचारालासुद्धा मी पुरावा मागितला होता. तर असो...

ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. मी बनवलेलं टूल चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवतं आणि त्याचा नकाशा काढतं — कुठला भाग कुणाला हाक मारतो, ते चौकोन आणि बाणांनी. प्रोग्राम होता एका डायलिसिस सेंटरचा. कोण कुठल्या मशीनवर, कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, सगळं त्यात. माझ्या सासूबाई तिथल्याच पेशंट. ऑफिसात मात्र हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तो प्रोग्राम आमच्याच ऑफिसातल्या महाडिकांनी लिहिलेला. कागदावर एक ओळ नाही, सगळं डोक्यात. मीटिंगमध्ये मी ऐटीत म्हणालो, "आता महाडिकांची गरज नाही, माझं टूल काढेल सगळं." महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "काढ तू चित्र. माका त्यात खंय ठेवतलंस, ता बघ."

टेस्टच्या कॉपीत चौकोन निघायचे एक्केचाळीस. त्या मंगळवारी चुकून चालू प्रोग्रामचं चित्र निघालं, त्यात बेचाळीस! जादा चौकोनाला नाव नाही. त्यातून सगळीकडे बाण जात होते, त्याच्याकडे एकही येत नव्हता. अख्खा कोड पालथा घातला, तसं काही लिहिलेलंच नाही.

शेजारची श्वेता म्हणाली, "सर, बग तुमच्या टूलमध्ये आहे. उगाच महाडिक सरांना घालवलंत."

झोंबलं. टूलमध्ये एखादा भाग थांबवून ठेवायची सोय मीच केली होती. म्हटलं, बघू तर खरं — आणि दिला थांबवून तो चौकोन. चालू प्रोग्राममधला! सकाळी सव्वाअकराला.

दोन मिनिटांत सेंटरच्या सिस्टरचा फोन. "अहो, यादी कोरी झालीय! सहा पेशंट ताटकळलेत. एक आजी तर धापा टाकतायत, पाणी चढलंय त्यांना." मंगळवारी सकाळी तिथे आजी एकच असते — आमची.

मी थांबवलेला चौकोन परत सोडला. काही नाही. प्रोग्राम बंद करून चालू केला. तरी यादी कोरीच. शेवटी महाडिकांना घाटकोपरला फोन लावला.

वहिनींनी उचलला. माझं नाव ऐकताच आवाज बदलला. "ते नाही बोलणार तुमच्याशी. घरी बसल्यापासून रोज गॅलरीत बसतात, टेबलावर बोटं चालवत, टाइप केल्यासारखी. आत्ता मघाशी एकदम थांबले. हात उचलतच नाही म्हणतात." मग हळूच विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

"किती वाजता थांबले, वहिनी?"

"सव्वाअकरा झाले असतील."

म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लावा. "महाडिक, मी मीटिंगमध्ये बोललो ते चुकलं हो. माफ करा. तिथे माणसं खोळंबलीयत..."

महाडिक म्हणाले, "काढून टाकलंस मां माका? मग आता कित्याक?"

पलीकडून टेबलावर बोटाचा आवाज आला. टक्... टक्... अगदी सावकाश. स्क्रीनवर एकेक नाव उगवायला लागलं. पहिलं सासूबाईंचं.

"तुझ्या सासूक आधी बसयलंय," महाडिक म्हणाले. "आता परत फोन करू नको. माका तुझो आवाज आयकूचो नाय."

फोन कट.

नंतर मी सगळे लॉग तपासले, केबल तपासल्या, महाडिकांच्या घरी कॉम्प्युटर तरी आहे का तेही एकाकडून काढून घेतलं. नाही. चित्रात चौकोन अजून बेचाळीसच येतात. का, ते मला सांगता येत नाही. टूलला तर मी तेव्हापासून हात लावलेला नाही.

संध्याकाळी मुलुंडला घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून, स्वतःची टिंगल करत. ती हसली नाही. आईच्या पायांवरची सूज बघत होती. म्हणाली,

"परवा परत नंबर आहे आईचा. महाडिकांचा हात आता पूर्ण उचलतो का, ते विचारलंत?"