तिसऱ्या कपानंतर

लेअर गावातल्या थेडाला घरात कुणाची कटकट चालत नसे. नवरा गेल्यावर तिने मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. पण शेजारचे एन्नोकाका वृद्धाश्रमात राहायला निघाले आणि तिथे पक्षी चालत नव्हता, म्हणून त्यांचा राखाडी पोपट फोको ती कुरकुरत घरी घेऊन आली.

फोको दिवसभर छातीची पिसं उपटत बसायचा. थेडा त्याला अक्रोड फोडून द्यायची, अंगावर कोमट पाणी शिंपडायची आणि वर ऐकवायची, "टकल्या, तुझ्याकडे बघून मलाच थंडी वाजते." तो पुढचं पीस उपटायचा.

एका दुपारी ती पिंजऱ्याजवळ चहाला बसली. तिसरा कप संपल्यावर, आता पुरे म्हणून तिने तिकडच्या रीतीप्रमाणे चमचा कपात ठेवला. किणकिण होताच फोको पहिल्यांदाच बोलला, "एवढ्यात? बस ना अजून."

आवाज एन्नोकाकांच्या गेलेल्या बायकोचा, गेशेचा होता. काका तिसरा कप संपताच होडीकडे पळायचे, तेव्हा ती रोज असंच म्हणायची.

थेडाने वृद्धाश्रमात फोन लावला.

"पिसं आली का गं त्याला?" काकांनी विचारलं.

"येतायत. तुम्ही जरा गप्प बसून ऐका."

तिने फोन पिंजऱ्याजवळ धरला आणि चमचा पुन्हा कपात ठेवला.

"एवढ्यात? बस ना अजून."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग काका हळूच म्हणाले, "काढ तो चमचा, थेडा. तिला सांग, मी बसलोय."