दोन शीट थर्माकोल

पूर्णा जंक्शनवर गाडी सुटायला पाच मिनिटं असताना आप्पांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चपटा गठ्ठा माझ्यापुढं धरला. थर्माकोलच्या दोन शीट. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आरासीत आम्ही बापलेक थर्माकोलची आगगाडी मांडायचो. इंजिन त्यांचं, डबे माझे. "तिथं मिळंल का न्हाई, कुणाला ठाव," ते म्हणाले. नोकरीला निघालेली मी डब्यातल्या लोकांदेखत लाजले आणि फणकारले, "पुण्यात काय मिळत न्हाई, आप्पा?" गठ्ठा त्यांच्याच हातात परत दिला. आई तेवढी म्हणाली, "घ्यावं माय, बाप देतोय तर."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, पुण्यात काय मिळत नाही ते आता ऐका.

यंदा आप्पांचा फोन आला. "हात लय थरथरायलेत माय. ह्याच साली आपल्या गाडीला नदीवरचा रेल्वेपूल करून घेतो. पण पूर्णेत कुणी शीटच देईना झालंय." सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे ना! ती का आली, ते मला कळतं. विसर्जनानंतर पाण्यात तरंगणारी मखरं मीही पाहिलीत. पण आप्पांची गाडी अठरा वर्षं माळ्यावर आहे. दर साली पुसून मांडतात, एक दाणा नदीत गेला नाही. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

मी चार दुकानं फिरले. एकानं तर इकडंतिकडं बघत "नाही" म्हटलं, जणू मी गांजाच मागितला. ऑनलाइन मागवलं तर व्यायामाच्या चटईसारखं लुळं काहीतरी आलं. पुठ्ठा सुचवला तर आप्पा उखडले, "पुठ्ठ्याला पुलाची तसली कमान येती का? दमट हवेत बसतंय की खाली."

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा नवा फ्रिज आला. आणि त्याच्याभोवती काय? थर्माकोल! चांगला वीतभर जाड. सोसायटीच्या कचऱ्यापाशी ढीग पडला. फ्रिजला चालतो, माझ्या बापाला चालत नाही! डोकंच फिरलं माझं. ऑफिसच्या कपड्यांतच ढिगात हात घातला. वॉचमनकाकांनी विचारलं, "मॅडम, काय हरवलंय का?" मी नुसतं "हो" म्हटलं आणि तुकडे उचलत राहिले.

ते वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन पूर्णेला गेले. डब्यातले लोक बघत होते. बघू देत.

आप्पांनी गठ्ठा सोडला. ओबडधोबड तुकडे, कडांचे दाणे सुटलेले. उलटसुलट करून बघत ते हळूच म्हणाले, "पुण्यात काय मिळत न्हाई, म्हणली व्हतीस." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. पत्ता विचारला की मी तोच सांगते. घर विचाराल तर अजून ही पूर्णेतली पुढची खोली, फरशीवर सांडलेले पांढरे दाणे आणि बॅटरीवर तापणारी आप्पांची कापायची तार. ती त्यांनी तापवली, थोडा वेळ स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि माझ्याकडं सरकवली.

"कमान तू काप," ते म्हणाले. "मी धरतो."