सहाणेवरची सोडचिठ्ठी

मंडणगडच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली, खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. आम्ही दोघंही त्याचीच वाट बघतोय असं एकमेकांना दाखवत होतो. गाडी सुरू झाली तेव्हा बाबा म्हणाले, "बाय, झाला ता झाला. आता कोनाशी वैर धरू नको." मी मान हलवली. गाडी वळणावर गेली तशी मनात म्हटलं, बाबा, तेवढं सोडून काहीही सांगा.

हे मी सासरच्या वाडीतल्या मंडळींसाठी लिहितेय. गावात राहिलेल्यांसाठी आणि मुंबईला गेलेल्यांसाठीही, कारण माझा निकाल तुम्ही दोघांनी मिळून लावला होता. मी बरी आहे का, कुठे असते, काय करते, असं तुमच्यातल्या काहींनी बाबांना विचारलं म्हणे. तर ऐका. मी रत्नागिरीत असते, दोन वेळ पोटभर जेवते आणि बाबांचं ते एक सांगणं मी अजिबात पाळलेलं नाही.

आठ वर्षं मी विलासच्या घरी काढली. विलास माझा नवरा, नोकरी मुंबईत, घर गावात. तो गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात पंधरा दिवस यायचा. बाकीचं वर्ष मी, सासूबाई, दोन म्हशी आणि भाताची लावणी. मला मुंबईला ने, एवढंच मी मागत होते. तो म्हणायचा, खोली लहान आहे, आम्ही चौघं पुरुष राहतो, तू कुठे झोपशील? चारांतला एक पुरुष नव्हता हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी दरवर्षी कोकमं आणि तांदळाचं पीठ त्या खोलीसाठी पाठवत होते. मागे वळून बघते तेव्हा विलासच्या खोटेपणाचा येत नाही तेवढा राग मला त्या पिठाचा येतो. मी ते तीनदा चाळून पाठवायचे.

त्या वर्षी मी हट्टच धरला. नेत नसशील तर मी माहेरी जाते म्हटलं, आणि दोन डोंगर पलीकडे माहेरी गेले. मे महिन्यात वाडीच्या मुंबई मंडळाची माणसं गावाला आली, मला आदल्या दिवशी सासरी बोलावून घेतलं आणि माझ्यासाठी सहाणेवर बैठक बसली. शिमग्यात जिथे पालखी बसते, तिथेच. खुर्च्या पुरुषांना, आम्ही बायका मागे पायऱ्यांवर. मला एकदाच विचारलं, नांदायला येतेस का? मी म्हटलं, मुंबईत येते, इथे नाही. कोणीतरी हसलं. मग मंडळाच्या चिटणीसांनी पिशवीतून स्टँप पेपर काढला. तो आधीच टाईप करून आणलेला होता. चिटणीस म्हणजे माझे चुलत सासरे, सगळे त्यांना नाना म्हणतात. मुंबईत एका ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी हेडक्लार्की त्यांनी गावावर काढली.

सोडचिठ्ठीवर मी सही केली. मला वाटलं, एवढी माणसं बसलीत, शिक्का आहे, स्टँप आहे, म्हणजे कायदाच असणार. साक्षीदार म्हणून बाबांना बोलावलं. त्यांनी दोन वेळा पेन घेऊन परत खाली ठेवलं. मी डोळ्यांनी नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली आणि मला म्हणाले, "चार मानसा बसलीत बाय, त्यांचा शबुद ऱ्हाव दे." आई तर माझ्या लग्नाआधीच गेलेली. त्या दिवशी सहाणेवर माझं म्हणावं असं कोणी नव्हतं.

नानांना इतिवृत्ताचा भारी शौक. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा सरकारी. बैठक संपली की ते वहीच्या पानाचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकतात. त्या दिवशी टाकलं: "ठराव क्रमांक सात. श्री. विलास व सौ. वंदना यांचे पटत नसल्याने कोर्टकचेरी न करता उभयतांस विभक्त करण्यात येत आहे. आपल्या गावात असा पुरोगामी निर्णय प्रथमच होत असून मंडळाचे अभिनंदन. अल्पोपहारानंतर सभा समाप्त." अल्पोपहार म्हणजे उपमा. तो सकाळी मीच परतला होता, कारण सासूबाईंचा हात दुखत होता आणि नातं दुपारपर्यंत शिल्लक होतं.

तुम्ही मला घरातून काढलंत, रेशन कार्डावरून काढायची तयारी केलीत, पण ग्रुपमधून काढायला विसरलात. सात महिन्यांनी त्याच ग्रुपवर विलासच्या लग्नाचे फोटो आले. पिवळी साडी, मुंडावळ्या, अंतरपाट, आणि मागे तुम्ही सगळे. खाली नानांच्या मोत्यासारख्या अक्षरात पुढचा ठराव: विलास यांच्या द्वितीय विवाहास मंडळाची संमती असून नवदांपत्याचा नारळ देऊन सत्कार. खाली अकरा सह्या. मी ते पान इतक्या वेळा वाचलं की अजून पाठ आहे. त्याच आठवड्यात मी बॅग भरली.

रत्नागिरी का, तर लग्नाआधी मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि टायपिंग लागेल असं जवळचं मोठं ठिकाण तेच माहीत होतं. कोर्टासमोर रेहानाभाभींचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. नोकरीसाठी कागद लागतील म्हणून मी त्यांच्याकडे सगळ्याच्या प्रती काढायला दिल्या. सोडचिठ्ठी मशिनवर ठेवताना भाभी थांबल्या. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा घटस्फोट. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेरचे दोन वकील आत डोकावले. "अगो, ह्याला घटस्फोट म्हणतात? ह्याच्यात बांगडे बांधून ने घरी!"

भाभींनी मला दुपारीच समोर नेलं. कोर्टाच्या आवारात मोफत कायदेशीर मदत मिळते, बाईमाणसाला वकील फुकट देतात, हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या बायकांनाही माहीत नसेल, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. त्यांनी हा मजकूर नवऱ्याला न दाखवता वाचावा. मला मिळालेल्या वकीलबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी कागद वाचला आणि एकच विचारलं, "तुमच्याकडे अशी सोडचिठ्ठी द्यायची जुनी रीत आहे का? आज्या-पणज्यापासूनची?" मी म्हटलं, नाही, मीच पहिली. त्या म्हणाल्या, मग हा नुसता कागद आहे, तुम्ही आजही त्यांच्या लग्नाच्या बायको आहात. खरं तर मला रडू यायला हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या टेबलावरचं पाणी न विचारता पिऊन टाकलं.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की मला काय पाहिजे. विलास नको होता, तो कोणाला पाहिजे असणार. मला टाकली हे वाडीने जगभर सांगितलं होतं. मला कोर्टाचा असा कागद पाहिजे होता की मी टाकलेली नाही, मी त्याला सोडतेय, आणि मला काढायचा तुमच्या बैठकीला अधिकारच नव्हता. हे सरकारी शिक्क्याने लिहून आल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. वकीलबाईंनी सांगितलं की बायको जिथे राहते तिथे ती घटस्फोटाचा दावा लावू शकते. म्हणजे रत्नागिरीत. म्हणजे विलासला प्रत्येक तारखेला मुंबईहून इथे यावं लागणार. हे ऐकून तर मी भाभींकडे नोकरी पक्की केली आणि दुकानामागची खोली भाड्याने घेतली.

अडीच वर्षं तो आला. गोव्याच्या गाडीतून हायवेवर हातखंब्याला उतरायचा, तिथून वडापच्या जीपने इकडे यायचा, चुरगळलेला शर्ट, सुजलेले डोळे. मी समोर दुकानात बसून दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाईप करत त्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर बघायचे. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी त्याचाच वकील गैरहजर, पुढची तारीख. मी तर चाळीस पावलं चालून जायचे. एकदा त्याने पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या दुकानातला माठ त्याला दिसला. मी भाभींना मोठ्याने म्हटलं, माठ आज रिकामा आहे. तो भरलेला होता. मला त्याची जराही लाज वाटत नाही.

वाडीत मी लावणी-कापणीवर महिने मोजायचे. इथे तारखांवर मोजायला लागले. समन्स, वकालतनामा, पुरसिस, एक्झिबिट हे शब्द आधी टाईप करून शिकले, मग जगून. आपल्या केसचे कागद मी स्वतः टाईप केले. ग्रुपवरची दोन्ही पानं एक्झिबिट म्हणून लागली तेव्हा मी प्रिंट जरा मोठा काढला, नानांचं अक्षर साहेबांना नीट दिसावं म्हणून.

विलासच्या वकिलाचा बचाव एकच होता, की आमच्या समाजात सोडचिठ्ठीची पूर्वापार पद्धत आहे, म्हणून पहिलं लग्न मोडलेलंच होतं. आणि साक्षीला आणलं कोणाला, तर नानांना. कोट घालून, वही काखेत मारून नाना पिंजऱ्यात उभे राहिले. आमच्या वकीलबाईंनी उलटतपासणीत फार गोड आवाजात विचारलं, "नाना, मंडळाने हे फार मोठं काम केलं. यापूर्वी गावात कोणी असं केलं होतं का?" विलासचा वकील खाकरला. पण नाना अडीच वर्षं कोणीतरी हे विचारावं म्हणून थांबलेले. त्यांनी छाती पुढे काढली. "कधीच नाही, मॅडम. ही सुधारणा आमच्या मंडळानेच प्रथम केली. हे बघा, वहीत लिहिलेलं आहे." आणि वही उघडून त्यांनी ते वाक्य साहेबांना स्वतः वाचून दाखवलं, अभिनंदनासकट.

साहेबांनी ते लिहून घेतलं. पूर्वापार पद्धत तिथल्या तिथे संपली. विलासने कपाळाला हात लावला, आणि नाना अजून हसतच उभे होते, त्यांना वाटलं आपण जिंकलो. मंडळींनो, माझ्या आयुष्यात मी पुरणपोळीही एवढ्या चवीने खाल्लेली नाही.

माझ्या बाजूने बाबा साक्षीला आले होते. पिंजऱ्याचा कठडा धरून म्हणाले, "मना वाटला ह्योच कायदा. मी माज्या पोरीच्या इरुद्ध सही केली." एवढंच. बाहेर आल्यावर मी त्यांना जेवायला घेऊन गेले, माशाचं ताट मागवलं, पण माफ केलं असं काही मी बोलले नाही. कारण केलेलं नाही. ते गावाला जातात तेव्हा मी गाडीत जागा धरून देते, डबा देते, औषधं देते. माफी होईल तेव्हा होईल, जबरदस्तीने होत नाही. त्यांना ते कळतं, म्हणून तेही मागत नाहीत.

निकालात घटस्फोट मंजूर आहे, अर्जदार म्हणून माझं नाव आहे आणि सोडचिठ्ठीला कायद्याचा आधार नाही असं स्पष्ट लिहिलंय. त्याच्या अकरा प्रती काढून मी सह्या करणाऱ्या अकराही जणांना रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. दुसऱ्या लग्नाची फौजदारी तक्रार वेगळी आहे आणि ती चालू आहे. लग्न लावायला उभे होते ते सगळे त्यात आहेत, त्यामुळे आता तुम्हीही हातखंब्याला उतरायला शिकाल. नाना सगळीकडे सांगतात म्हणे की पोरीने गाव मोडलं. नाना, गाव नाही मोडलं, फक्त तुमची वही वाचली.

यावर हे संपायला हवं होतं. पण मागच्या महिन्यात दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पिवळ्या साडीतल्या फोटोत मी तिला इतक्यांदा बघितलं होतं की लगेच ओळखलं. सुप्रिया, विलासची दुसरी. हातात कापडी पिशवी आणि माझ्याच निकालाची झेरॉक्स. विलासने तिला घराबाहेर काढलं होतं. त्याने तिला माझा निकाल दाखवला आणि सांगितलं की पहिलं लग्न उभं असताना आपलं लागलं, म्हणून तू कायद्याने माझी कोणीच नाहीस, चालती हो.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. हिच्या हळदीच्या फोटोवर मी माझे डोळे जाळले होते. तिने स्टुलाचा कोपरा धरून सांगितलं की सोडचिठ्ठी झाली असं तिलाही दाखवलं होतं, तिचा बापही सहाणेवर बसला होता. मी ऐकत होते आणि दुसराच राग चढत होता. अडीच वर्षं मी टाईप करून मिळवलेला कागद, आणि ह्या माणसाने तो दुसऱ्या बाईला हाकलायला वापरला. माझा कागद!

मी तिला समोर वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, रस्ता आहे, लांबचा आहे, पण लग्न फसवून लावलं म्हणून बाईला वाऱ्यावर सोडता येत नाही. मी दुकानात येऊन मशिनवर बसले आणि तिचा अर्ज टाईप करायला घेतला. पुण्य म्हणून नाही. विलास पुन्हा त्या पायऱ्यांवर दिसावा म्हणून.

अर्जदाराचं नाव झालं, वय झालं. पत्त्याला ती अडली. सासरचा लिहिता येईना, माहेरी बापाने दार लावून घेतलेलं. "ताई, घर कुठलं लिवू?" तिने विचारलं. मी तिच्याकडे न बघता माझ्या खोलीचा पत्ता टाईप केला, रत्नागिरीसकट, आणि कागद तिच्यापुढे सहीला ठेवला.