नापास केलेलं बेट

गॅसची ज्योत निळी असली की तपासनीस काही बोलत नसे. मान हलवायचा, गीझरच्या पत्र्यावर हिरवा स्टिकर चिकटवायचा आणि जिना उतरायचा. ज्योत पिवळी असली की मात्र तो आधी खिडकी उघडायचा, मग गॅसचा कॉक बंद करायचा आणि त्यानंतर घरातल्या माणसांकडे वळायचा. हा क्रम त्याने कधी चुकवला नाही. निळी म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळतेय, तो पूर्ण जळतोय. पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय, आणि अशा अर्धवट जळण्यातून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो. "पूर्ण जळलेलं बरं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "अर्धवट जळणारं माणसाच्या जिवावर उठतं."

दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये डोकावणाऱ्या माणसाला घरी आल्यावर नजर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. शिडी, प्रेशर कुकर, शेजाऱ्यांचा झोपाळा, मुलीच्या वसतिगृहातला पंखा, सगळ्याचा तो निकाल लावायचा: पास किंवा नापास. मेहुणी त्याला तोंडावर 'भावजी' म्हणायची आणि पाठीमागे 'नापास भावजी'. बायको मात्र या गोष्टीवर हसत नसे. त्याने पास म्हटलेल्या खुर्चीवर ती मागे न बघता बसायची. तो नापास म्हणाला म्हणून तिने दोनदा आवडलेलं घर सोडलं होतं आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नव्हता.

एवढ्या एका बाबतीत तो साडूच्या पुढे होता. बाकी सगळीकडे साडू पुढे.

साडूचं पडद्यांचं दुकान होतं. दोघे एकाच घरचे जावई, वयाने बरोबरीचे. पण साडूचं दुकान रस्त्याच्या वळणावर आलं आणि त्याचं नशीबही तिथेच वळलं. साडू माजोरडा असता तर किती बरं झालं असतं! पण तो दिलदार होता. तपासनिसाच्या घरातले सगळे पडदे त्यानेच हौसेने लावून दिले होते, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की तपासनिसाला पहिल्यांदा साडूच दिसायचा. दिलदार माणसावर जळणं फार जिकिरीचं. कारण सापडत नाही आणि थांबताही येत नाही.

गेल्या वर्षी साडू आणि मेहुणी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आठवडाभर राहून आले. यंदा त्याच घरात पुन्हा जायचं ठरलं होतं, तेवढ्यात साडूला एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम मिळालं. मग एका रविवारी त्याने तपासनिसाला आणि त्याच्या बायकोला घरी बोलावलं.

"ताई, माझ्या जागी तुम्ही जा," तो तपासनिसाच्या बायकोला म्हणाला. "दोघी बहिणी जा. तुम्ही असलात तर हिला सोन्याहून पिवळं."

बायकोच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तपासनिसाने पाहिलं. असा चेहरा त्याने स्वतः काही दिल्यावर कधी पाहिला नव्हता.

"माझं काय," ती पदराशी चाळा करत म्हणाली, "यांनी एकदा बघून सांगू देत."

"बघा की! भावजी, तुमच्यासाठी सबंध बेट हजर करते," असं म्हणत मेहुणीने गेल्या वर्षीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला.

पांढरी घरं, उतारावरून खाली गेलेली गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला इतका निळा समुद्र की तपासनिसाने आधी टीव्हीवर शंका घेतली.

"रंग वाढवलाय."

"नाही हो भावजी. खरंच तसाच आहे."

"पाणी खारटच असणार."

साडूने टाळी वाजवली. "द्राक्षं आंबट ऐकलं होतं, समुद्र खारट आज ऐकतोय!"

तिथून तपासनिसाची गाडी सुटली. गच्चीच्या कठड्याच्या गजांमध्ये अंतर जास्त, नापास. समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना धरायला काही नाही, नापास. नाववाल्याने कुणाला तरंगायचं जाकीट घातलेलं नाही, नापास. रस्ता कड्याच्या काठाने जातो, आणि चालवणारा एका हाताने चालवतोय. उन्हाळ्यात तिकडे रानं पेटतात, पेपरात येतं. जेलीफिश असतात. "आणि मुळात बेट," तो म्हणाला, "म्हणजे काही झालं तर पळायला जागा नाही."

"अहो, पळायचंय कशाला? बसायला जातात तिथे," बायको हळूच म्हणाली.

व्हिडिओत मेहुणी घर दाखवत फिरत होती. झोपायची खोली, तिच्या खिडकीत समुद्र. स्वयंपाकघर, तिथेही समुद्र. मग बाथरूम. तिथली खिडकी वारा आत येऊ नये म्हणून चिकटपट्टीने बंद केली होती. भिंतीवर गॅसचा जुना गीझर, शॉवर चालू, आणि गीझरच्या काचेआड ज्योत. पडद्यावर ते दोन क्षणच दिसलं. ज्योतीला पिवळी शेपूट होती आणि पत्र्यावर काजळीचा डाग.

तपासनीस उठून उभा राहिला. "थांबव! मागे घे. इथे काहीतरी जळतंय!"

साडूने तपासनिसाकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे, मग मेहुणीकडे. "ते मघापासून दिसतंय की सगळ्यांना," तो म्हणाला. "वाससुद्धा येतोय."

मेहुणी हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. तपासनिसाची बायकोदेखील हसली, पदर तोंडाला लावून, पण हसली. तिच्या त्या हसण्याने त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जे पाहिलं होतं ते सांगायचं सोडून तो चपला शोधायला लागला.

"सगळं नापास!" दारातून तो म्हणाला. "तुम्हाला हसायचं असेल तर हसा. माझ्या बायकोला मी तिथे पाठवणार नाही."

दोघे घरी आले. कुलूप उघडताना बायको म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नापास करायचं नाही म्हणून? कामावर फोटो बघून निकाल दिला म्हणून तुम्ही त्या हाताखालच्या माणसाला किती बोलला होतात."

"हे वेगळं आहे."

"बरं," ती म्हणाली. चहा टाकला आणि बहिणीला फोन करून सांगितलं, "माझं नाही जमत गं. तू कुणाला तरी सोबत घे."

तिने आदळआपट केली असती तर तपासनिसाला ते सोसलं असतं. ती नेहमीसारखी वागली. दुसऱ्या दिवशी डबा दिला, त्याच्या शर्टाचं बटण लावलं. फक्त संध्याकाळी तो स्टुलावर चढून दिवा बदलायला गेला तेव्हा तिने येऊन स्टूल हातांनी घट्ट धरलं.

"अगं, पास आहे ते," तो वरून म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. पण धरून राहिली.

हे त्याला कड्याच्या काठच्या रस्त्यापेक्षा भयंकर वाटलं.

आणखी दोन दिवसांनी एका म्हातारीच्या घरी तो गीझर तपासत होता. ज्योत पिवळी निघाली. त्याने खिडकी उघडली, कॉक बंद केला आणि विचारलं, "आजी, अंघोळ करून आलं की डोकं जड होतं का?"

"होतं बाबा. वय झालं."

"वय नाही, गीझर आहे."

म्हातारीला समजावता समजावता त्याच्या मनात मेहुणीचं एक वाक्य वर आलं. गेल्या वर्षी बेटावरून परतल्यावर ती म्हणाली होती, सगळं छान होतं, पण रोज डोकं धरायचं, ऊन फार ना तिथे. तेव्हा त्याला मनातून बरं वाटलं होतं. निदान डोकं तरी दुखलं!

त्याने तिथूनच मेहुणीला फोन लावला. "तुझं डोकं कधी दुखायचं? समुद्रावर असताना?"

"हे काय मधेच, भावजी? समुद्रावर नाही हो. तिथे तर मोकळं वाटायचं. संध्याकाळी घरी येऊन अंघोळ केली की दुखायचं. का?"

"यंदा कोण येतंय तुझ्यासोबत?"

"ताई नाही म्हणाली, मग हेच येतायत. काम पुढे ढकललंय त्यांनी. काय झालं?"

"तुझ्या त्या गीझरचं काही खरं नाही. पिवळा जळतोय तो."

मेहुणी हसू दाबत म्हणाली, "भावजी, आता जाऊ द्या ना. ताई येत नाहीये, मग आता कशाला?"

त्याचा शब्द खोटा ठरला नव्हता, फक्त त्याचं वजन गेलं होतं. पायऱ्या, कठडा, नाव, जेलीफिश, या सगळ्या ढिगाऱ्याखाली एक खरी गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने पुरली होती. बायकोला घरी बसवून जिंकलाही होता. आणि आता त्या बंद खिडकीच्या खोलीत मेहुणी अंघोळीला जाणार होती, बाहेर साडू गाणं गुणगुणत बसणार होता.

दुपारी तो दुकानात गेला. साडू एका नवरा-बायकोसमोर पडद्याचं कापड उलगडत होता.

"या साडूभाऊ! यांना जरा सांगा, हे कापड पास की नापास?"

गिऱ्हाइकं हसली. तपासनिसाने दप्तर खाली ठेवलं.

"मी जळत होतो," तो म्हणाला.

साडूच्या हातातली मोजपट्टी थांबली.

"तुमच्यावर. पडदे लावून दिलेत तेव्हापासून. त्याआधीपासूनही. त्या दिवशी बायकोचा चेहरा बघून तिच्यावरसुद्धा जळलो. कठडा, पायऱ्या, नाव, ते सगळं मी परत घेतो. ते मी जळून बोललो." तो दम घ्यायला थांबला. "आता गीझर. तो मी परत घेत नाही. तो मीही बघितलाय आणि तुमच्या बायकोचं डोकंही सांगतंय. माझं सगळं खोटं धरा, हे एक खरं धरा."

नवरा-बायको कापड सोडून त्याच्याकडे बघत होते.

"हे ऐकायची मी किती वर्षं वाट बघितली," साडू म्हणाला, पण चेष्टेचा सूर अर्ध्यावरच पडला. त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तिचं डोकं... अहो, एकदा ती बाथरूमच्या दारातच बसली होती. चक्कर आली म्हणाली. मी म्हटलं ऊन लागलं, लिंबूपाणी पी."

"खिडकी उघडल्यावर बरं वाटलं?"

"गच्चीत नेलं, मग." साडू खाली मोजपट्टीकडे बघत राहिला. "आता काय करायचं? जायचं रद्द?"

खरं तर त्याला हेच हवं होतं. एकाक्षरी 'हो' म्हटलं की बेट कायमचं मिटत होतं. तपासनिसाला ते 'हो' जिभेच्या टोकावर जाणवलंसुद्धा.

"नाही," तो म्हणाला. "घरमालकाला आजच कळवा, गीझर दुरुस्त झाल्याशिवाय पेटवायचा नाही. तिथे गेल्यावर आधी खिडकीची पट्टी काढायची. आणि तुम्ही तुमचं हॉटेलचं काम करा. माझी बायको जाईल. तिला ज्योत बघता येते, इतकी वर्षं माझ्याकडून ऐकतेय."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. दुकानात गिऱ्हाइकांसमोर काय म्हणालात ते तिने त्याला दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे बेट पास?"

"बेट मी पाहिलेलं नाही. तू बघ आणि सांग."

ती गेली. घर इतकं शांत झालं की तपासनिसाला फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. पोहोचल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती थेट बाथरूममध्येच उभी होती. खिडकी सताड उघडी. मालकाने 'दुरुस्त केलाय' असं कळवलं होतं, तरी तिने बहिणीला बाहेर उभं केलं होतं.

"पेटवू?"

"पेटव. लांबून."

काचेआड ज्योत उठली. बायको वाकली, बघितलं, आणि त्याला विचारायच्या आधीच कॉक बंद केला. "पिवळी आहे अजून. मेल्याने नुसतं फडकं मारलंय वरून."

"तायडे, मग आता अंघोळ?" बाहेरून मेहुणीचा आवाज.

"समुद्र कशाला आहे?"

मग दोघी समुद्रावर गेल्या. त्यानंतरचे फोटो तपासनिसाने जेवताना पाहिले. बायको गुडघाभर पाण्यात, साडीचा ओचा खोचलेला, तोंड उघडं ठेवून हसणारी. समुद्र तसाच होता, रंग वाढवलेला नव्हता. त्याचं जेवण तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने खरा कारागीर आणला. त्याने बर्नर उघडला, धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून पक्ष्याचं जुनं घरटं काढलं. बायकोने परत फोन लावला आणि तो गीझरसमोर धरला.

"आता?"

फोनच्या चौकटीत अर्धा गीझर होता आणि अर्धी उघडी खिडकी. खिडकीत तो समुद्र.

"निळी आहे," तपासनीस म्हणाला. "पास."

"आणि तुमची?"

"माझी काय?"

"तुमची ज्योत. कुठल्या रंगाची आहे?"

मागे मेहुणी फिस्सकन हसली. तपासनिसाने खिडकीतल्या पाण्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"निळी," तो म्हणाला.

"खोटं," बायको म्हणाली. "खिडकी उघडा जरा घराची. आणि पुढच्या वर्षीची रजा आत्ताच मागून ठेवा. इथल्या कठड्याचे गज खरंच लांब लांब आहेत, तुम्ही येऊन बघायला हवेत."