नाटकातल्या सुनेची ओटी

रत्नागिरीत नाटकांच्या स्पर्धा सुरू झाल्या की प्रयोग संपल्यावर मी हटकून रंगपटात डोकावते. कलाकारांचं कौतुक करायला आले, असं सांगते. पण खरं म्हणजे मला तिथला वास हवा असतो. आरशासमोर ओळीनं बसलेली मुलंमुली कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेल घेऊन तोंडावरचा रंग पुसत असतात. तेल, रंग, पावडर आणि घाम यांचा मिळून एक ऊबदार, किंचित खवट वास खोलीभर भरून राहिलेला असतो. रंगाखालून हळूहळू मूळचा चेहरा वर येतो आणि मघाशी महाराणी असलेली पोर "माझी चप्पल कुणी घातली रे?" म्हणून ओरडते. मला हे पाहायला फार आवडतं, आणि दर वेळी काहीतरी खुपतंही. त्या वासाशी एक लाज जोडलेली आहे. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही, कारण ती धड माझीही नाही. ती माझ्या वडिलांची आहे, आणि वडिलांना ती कधी वाटली की नाही, हे मला ठाऊक नाही.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे. वडील तिथल्या शाळेत मास्तर, आणि गावच्या नाटकाचे सर्वेसर्वा. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरून देवळात परतली की देवळासमोरच्या मळ्यात नाटक व्हायचं. नाट्यगृह कसं चालवावं यावर हल्ली परिसंवाद होतात, मीही ऐकते. पण आमचं नाट्यगृह मुळात दरवर्षी नव्यानं जन्माला यायचं. पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच, शाळेची बाकं, चिपळुणाहून भाड्यानं आणलेले पडदे, आणि विंगेला घराघरांतली लुगडी. पडदा सरकला की कुणाच्या आईचं लुगडं कुठं लागलंय, हे आम्ही पोरी आधी पाहून घ्यायचो. नट सगळे गावचे, पण मुंबईला गिरणीत, गोदीत, कुठल्या कुठल्या कचेरीत कामाला. त्यांच्या तालमी तिकडेच, खोलीवर, पाळी संपवून व्हायच्या. गावची मुलगी रंगमंचावर चढणं म्हणजे आकाश कोसळल्यासारखं, म्हणून बायकांच्या कामाला नटी बाहेरून आणायची. तिला तिचं काम टपालानं जाई. ती ते एकटीच पाठ करी, प्रयोगाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं ट्रंक घेऊन उतरे, आणि आपला नवरा कोण, सासू कोण, हे तिला तेव्हा कळे. संध्याकाळपर्यंत एक धावती तालीम, की लगेच प्रयोग.

आमच्याकडे बरीच वर्षं एकच बाई येत असत. सगळे त्यांना नुसतंच 'बाई' म्हणत, मीही तसंच म्हणते. राहायच्या पोफळीकडे कुठंतरी, अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीतल्या क्लबाच्या नाटकांतही कामं करायच्या. काळ्यासावळ्या, हडकुळ्या, दिवसा पाहिलं तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. उतरायच्या आमच्याच घरी, म्हणजे मागल्या पडवीत. तिथं आई दोरीवर लुगडं टाकून आडोसा करून द्यायची. जेवण झकास असे, कोंबडी-वडे, सोलकढी, आग्रह करकरून वाढलेलं. पण पानही मागल्या पडवीतच. माजघरात बाई कधी आल्या नाहीत. त्यांना 'येऊ नका' असंही कुणी म्हटलं नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

मी सोळा-सतरा वर्षांची असतानाचं नाटक वडिलांनी स्वतः रचलेलं. सासरच्यांनी संशयावरून हाकलून दिलेली सून, आणि शेवटी सासू तिची ओटी भरून तिला उंबऱ्याच्या आत घेते, एवढीच गोष्ट. सासूचं काम करणारा गडी अंबाडा लावला की हमखास हशा पिकवायचा. शेवटच्या प्रवेशाला हसू नको, म्हणून वडिलांनी भलताच बेत केला. त्यांनी आईला सांगितलं, "शेवटी तूच वर ये आणि खरी ओटी भर." आई आधी तयार होईना. मग झाली. आणि त्या प्रयोगाला, नऊवारी नेसून, हातात सूप घेऊन, माझी आई फळ्यांवर चढली. कुणी हसलं नाही. तिनं बाईंच्या पदरात तांदूळ, खण, नारळ घातला, कुंकू लावलं, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी तिचे डोळे भरून आले. झालं! खालच्या बायका एकेक करून उठल्या आणि ओटी भरायला वर चढू लागल्या. पडदेवाला दोरी धरून ताटकळत उभा, प्रॉम्प्टर पुस्तक मिटून रडतोय, आणि बाई पदर पसरून उभ्याच. नाटक संपायलाच तयार नव्हतं.

ते नाटक फुकट गेलं असं मला म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. गावातल्या एका घरानं माहेरी धाडलेली सून त्या वैशाखात खरोखर परत आणली. वडील हे पुढं वर्षानुवर्षं सांगत. नाटकानं माणूस बदलतो, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. दुसरंही डोळ्यांनीच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एसटीसाठी निघाल्या. न्हाऊन, तोंडावरचा रंग खोबरेलानं पुसून, केसांतही तेच तेल चोपडून. एरवी मागल्या दारानंच वळसा घालून जायच्या. त्या दिवशी पुढून आल्या. पदरात आईनं दिलेला नारळ होता. माजघराच्या उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "वैनी, ओटी भरलात माझी. देवाला नमस्कार करते नि निघते." ओटी भरली की घरच्या देवासमोर वाकायचं, ही आपली रीतच आहे. बाईंनी ती पाळली, इतकंच.

आई आतून लगबगीनं आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. रागावली नव्हती, उलट फार मऊ बोलली. "हितूनच कर गो बाय. ती ओटी नाटकातल्या सुनेची."

वडील तिथंच, माजघरातल्या झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. रंगमंचावर समोरच्याच्या वाक्याची वाट पाहताना त्या अशाच बघायच्या. पदर सावरून, मान जराशी कलती करून. वडिलांचं वाक्य यायला हवं होतं. नटाचा अर्धा शब्द चुकला तरी विंगेतून खेकसणारा माझा बाप वर्तमानपत्राचं पान उलटून मागची बाजू वाचू लागला. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत राहिली.

बाईंनी नारळ उंबऱ्यावर ठेवला. "मग हा तिलाच द्या," म्हणाल्या, आणि दारापुढचं खळं ओलांडून गेल्या. पुढल्या वर्षी त्या आल्या नाहीत, कधीच आल्या नाहीत. "बाईंना आता आपल्यासारख्यांसाठी वेळ नसतो म्हणे," असं वडील हसत हसत लोकांना सांगायचे, आणि मी तिथून उठून जायची. तो नारळ आमच्या घरी कुणी फोडला नाही. फडताळात राहून राहून आतलं पाणी आटलं, आणि पुढं केव्हातरी आईनं तो पऱ्याच्या वाहत्या पाण्यात सोडून दिला.

गेल्या शिमग्याआधी गावाहून मंडळाच्या पोरांचा फोन आला. देवळासमोर आता सिमेंटचा पक्का रंगमंच झाला होता, मागं दोन खोल्या, नळ, आरसे. वडिलांचं नाव द्यायचं ठरलं होतं. "आत्यानू, तुम्ही यायलाच पाहिजे. नाटकानं गावाला काय दिलं, त्यावर बोला." मी गेले. मनात सगळं ठरवून गेले की बाईंची गोष्ट सांगायची, वडिलांच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून सांगायची. माइक हातात आला, समोर वडिलांचे विद्यार्थी बसलेले, आता सगळे पिकल्या केसांचे, आणि मी नाटक हा समाजाचा आरसा असं काहीबाही बोलून, परत आणलेल्या त्या सुनेची गोष्ट सांगून खाली बसले. टाळ्या भरपूर पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात बापाबद्दल लाज वाटणं वेगळं, आणि बापासारखंच वर्तमानपत्राचं पान उलटणं वेगळं.

त्या वर्षीच्या नाटकात सुनेचं काम करायला चिपळुणाची एक कॉलेजातली मुलगी आली होती. तालमी व्हिडिओ कॉलवर झाल्या होत्या. टपाल गेलं, पण नवऱ्याची प्रत्यक्ष गाठ अजून आयत्या वेळीच. उतरली आमच्याच घरी, माझ्यासोबत माजघरात झोपली. गादी घातली तेव्हा मला मनातून बरं वाटलं. आणि प्रयोगाच्या दुसऱ्या सकाळी, अंगाला खोबरेलाचा तोच वास घेऊन ती आत झोपाळ्यावर मोबाईल बघत बसलेली असताना, मला एकदम वाटलं की राहिलेलं आज करून टाकावं. मी आईचंच सूप काढलं. तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू. देवापुढं निरांजन लावलं. आणि तिला म्हटलं, "जरा उठतेस? उंबऱ्याबाहेर उभी राहा. मी ओटी भरते, मग तू आत ये, देवाला नमस्कार कर."

ती गोंधळली, पण उठली बिचारी. नटीच ती, जागा सांगितली की जाऊन उभी राहायची सवय. उंबऱ्याबाहेर, नेमकी बाई उभ्या होत्या तिथं. मी हळदकुंकवाची बोटं पुढं केली तशी ती अवघडून हसली.

"आत्या, रागवू नका हां. मी बौद्ध आहे. आमच्याकडे ओटी नाय भरत, आनी देवाचं पन नाय करत." मग माझ्या तोंडाकडे पाहून समजूत घातल्यासारखी म्हणाली, "चहा चालेल मला. टाकलाव काय?"

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. रात्रभर माजघरात माझ्या शेजारी झोपलेल्या मुलीला मीच उठवून बाहेर काढलं होतं. कशासाठी, तर माझ्या घराचा उंबरा धुवून निघावा म्हणून. तिला काय चालतं, काय नाही, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. माझ्या मनातल्या नाटकात तिला मी काम दिलं होतं, तेही तिला न सांगता. वडिलांना निदान आपण नाटक करतोय हे माहीत असायचं.

मागं झोपाळा अजून थोडा हलत होता. दारातून देवळासमोरची पाटी दिसत होती, तिच्यावर कालचा हार. मुलगी अजून बाहेरच उभी होती, मान जराशी कलती करून, माझ्याकडे बघत. मला वाटलं, आता ती नक्की विचारणार. आणि तिनं विचारलंच, अगदी साधेपणानं, कसलाही राग न धरता.

"मग आत्या, आता आत येऊ ना मी?"