चिनी अर्बाब

परदेशात कसं राहावं हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका हॉटेलात शिरलं की उजव्या हाताला एक उंच टेबल आहे. त्यामागे टाय लावून जो वसईचा माणूस उभा असतो आणि विचारलं नाही तरी सांगत असतो, तो मी. बाजारात जाताना खांदे झाका. जेवताना उजवा हात वापरा. कहवा पुरे झाला की तो इवलासा पेला हातात हलवा, नाहीतर ओतणारा ओततच राहील. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ओमानमध्ये नवा होतो तेव्हा एका घरी भिडेपोटी मी इतके पेले प्यालो की दुसऱ्या दिवशीही हात थरथरत होते. पाहुण्यांना मात्र हे सगळं मी पिढ्यान्‌पिढ्यांचा ओमानी असल्याच्या थाटात सांगतो. माझं अरबी 'यल्ला'पासून सुरू होऊन 'खलास'पाशी संपतं, हे त्यांच्या लक्षात येण्याआधी त्यांची टॅक्सी आलेली असते.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी डॉक्टर व्हायला चीनला जाते म्हणाली, तेव्हा त्याच्या जिभेला किती आनंद झाला असेल बघा. बायको रडली. मी लगेच सल्ले द्यायला बसलो.

चीन मी पाहिलेला नाही, पण त्यावाचून माझं काही अडलं नाही. हॉटेलात चिनी पाहुणे येतात. किल्ल्यावर कसं जायचं हे विचारायला एखादा आला की मी किल्ला बाजूला ठेवून त्यालाच विचारायचो, तुमच्याकडे होस्टेलात जेवण कसं असतं, थंडी किती पडते, मुलींनी एकटं फिरलं तर चालतं का? माणसं सभ्य होती. उत्तरं द्यायची, हसायची, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमधून निघाली की माझं टेबल टाळून खांबामागून बाहेर पडायची. अशी गोळा केलेली माहिती मी मुलीला गाडीत ऐकवायचो, कारण चालत्या गाडीतून तिला उतरता येत नसे. अल हैलच्या आमच्या घरापासून तिच्या क्लासपर्यंत रस्ता लांब आणि सिग्नल भरपूर.

तिथे गार पाणी मागू नकोस, सगळे गरम पितात. पोहोचल्याबरोबर पोलिसांत नोंद कर, ते आधी, झोप नंतर. कुणाशी वाद घालू नकोस. जवळ रोख पैसे ठेव, परक्या गावात रोख रक्कम असली की माणूस अडत नाही. आणि मम्मीने दिलेले सुके बोंबील खोलीत उघडू नकोस, बाहेरच्या लोकांची नाकं नाजूक असतात. ती खिडकीतून बाहेर बघत असायची. मधूनच "ओके, पप्पा" म्हणायची.

आमच्यात बोलणं म्हणजे मुळात एवढंच होतं. मी सांगायचं, तिने ओके म्हणायचं. ती इथेच जन्मली, इथल्या भारतीय शाळेत शिकली. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते. मराठी घरापुरतं, तेही अडखळत. लहानपणी "माझा चप्पल कुठे गेलं?" असं म्हणाली की मी चप्पल शोधायची सोडून व्याकरण शोधायला लागायचो. चप्पल स्त्रीलिंगी. माझी चप्पल. गेली. चुका सापडल्या की मला फार कर्तव्यदक्ष वाटायचं. मग तिने मराठीत बोलणंच कमी केलं. चप्पल हरवली तरी ती आपली आपण शोधायची. माझ्याशी बोलायला तिला 'ओके' आणि 'फाइन' हे दोन शब्द पुरायला लागले. मीही बावळट, मुलगी शहाणी झाली म्हणून खूश होतो.

ती गेली, आणि माझ्या सल्ल्यांचं तिकडे काय झालं ते पुढे बायकोकडून कळलं. बॅगच्या अस्तरात मी शिवून दिलेल्या नोटा त्या शहरात कुणी हातात घेईना. पाववालासुद्धा फोन दाखवा म्हणायचा. तिच्या फोनवर पैसे भरायची सोय होईपर्यंत खोलीतल्या चिनी मुलीने तिला खाऊ घातलं. त्याच मुलीने दुसऱ्या दिवशी हवेत नाक वर करून बॅग हुंगली, बोंबील शोधून काढले आणि अर्धे संपवले. मम्मीला आणखी पाठवायला सांग, असा निरोपही दिला.

पण हे नंतरचं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की माझी मुलगी 'फाइन' आहे. साधा फोन लावला की विहिरीतून आल्यासारखा आवाज यायचा, "आय ॲम फाइन, पप्पा, क्लास आहे," आणि बंद. आपलं नेहमीचं मेसेजचं जे ॲप, त्यावर आमच्याकडे मेसेज जातो पण फोन लागत नाही, आणि तिच्याकडे ते ॲपच चालत नाही. त्यावर मुलं काहीतरी पळवाटा काढतात. पण परक्या देशात असले उद्योग करू नकोस, असा सल्ला मीच गाडीत, बहुतेक अझैबाच्या सिग्नलला, देऊन ठेवला होता.

अशात कळलं की तिच्याबरोबर मस्कतहून गेलेला एक मुलगा परत आला. त्याच्या आईने चर्चबाहेर बायकोला सांगितलं, त्याला तिथे करमेचना, जेवेना, महिन्यात निम्मा झाला. आमची मुलगीसुद्धा अशीच झुरत असेल आणि सांगत नसेल तर? आणि मला कशी सांगणार? "परदेशात राहणं काय अवघड असतं, मी राहिलो की," असं मी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता माघारी येते म्हणायची तिला लाजच वाटली असती. मला दुसरं काही नको होतं. तिचा चेहरा बघायचा होता, आणि ती खरंच फाइन आहे का, हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिकडचे लोक वापरतात ते चिनी ॲप आमच्याकडेही चालतं असं कळलं. ते मी उतरवून घेतलं, नाव भरलं, नंबर भरला, आणि शेवटी पडद्यावर आलं की तुमच्याबद्दल हमी देणारा या ॲपवरचा कुणी जुना माणूस आणा, त्याने त्याच्या फोनने हे चित्र स्कॅन केलं तर तुम्हाला आत घेऊ. मी हसत सुटलो. बायकोला वाटलं काहीतरी झालं मला. अहो, उभा जन्म मी दुसऱ्याच्या हमीवर काढला! इथे मालकाला अर्बाब म्हणतात. त्याच्या कागदावर आपण राहतो, त्याच्या सहीने येतो-जातो. आता स्वतःच्या मुलीशी बोलायलाही अर्बाब हवा, आणि तो चिनी हवा. मुलीचं खातं नवीन, तिला काही हमी देता येत नव्हती.

हॉटेलात एका पाहुण्याला मी विनंती केली. तो छान हसला आणि खांबामागे गेला. दुपारी मॅनेजरने बोलावून सांगितलं की पाहुण्यांना त्यांचे फोन बाहेर काढायला लावू नका, तक्रार आहे. इतकी वर्षं लोकांना टाळावं कुणाला हे शिकवणाऱ्या माणसाला लोक टाळायला लागले होते.

शेवटी बायकोला आठवलं, बौशरला एक चिनी माणूस झुंबरं आणि दिवे विकतो, आपण हॉलचा दिवा त्याच्याकडूनच घेतला होता. दोघं गेलो. जाड भिंगांच्या चष्म्याचा, उघड्या पायांत सपाता घातलेला माणूस. गल्ल्याशी बसून भोपळ्याच्या बिया सोलत होता. मी टाय लावून गेलो होतो. त्याला हिंदी, अरबी आणि इंग्रजी तिन्ही भाषा येत होत्या, पण एकाच वाक्यात.

"सदीक, दोस्त, तुम गुड आदमी?" त्याने विचारलं. "बाद में प्रॉब्लेम, मेरा नंबर खलास."

मी म्हटलं, एकदम गुड. एवढ्याने त्याचं समाधान होईना. तो बायकोकडे वळला. "मदाम, ये गुड?"

बायको विचार करायला लागली. मी तिच्याकडे बघतोय, ती छताला लटकलेल्या झुंबरांकडे बघतेय. "बोलता बहुत है," ती म्हणाली, "लेकिन गुड है."

तो माणूस खदखदून हसला आणि त्याने फोन काढला. स्कॅन झालं. "अभी मैं तुम्हारा अर्बाब," असं म्हणून त्याने माझ्या हातात मूठभर बिया ठेवल्या. त्या दिवसापासून मला रोज सकाळी झुंबरांचे फोटो येतात. त्या ॲपवर माझे दोनच ओळखीचे, मुलगी आणि तो. पहिले काही दिवस तर मुलीपेक्षा झुंबरांचेच मेसेज जास्त होते.

तरी तिचा चेहरा दिसला. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी काय बोललो असेन? "लाइट समोर घे, उजेडाकडे पाठ करून बसू नये." मग म्हटलं, जेवणात अंडी घे. मोजे घाल. तिथल्या मुलांमध्ये मिसळ. ती म्हणाली ओके, फाइन, बाय. पडदा काळा झाला आणि त्यात माझाच चेहरा दिसायला लागला, अजून काहीतरी सांगायच्या तयारीत असलेला. गाल बसलेत तिचे, बायको म्हणाली. मला दिसले नव्हते. मी उजेड बघत होतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही चर्चमधून मिस्सा करून घरी आलो होतो. बायको आत मासे तळत होती. फोन वाजला, पहिल्यांदाच तिच्याकडून. तिकडे संध्याकाळ होती. ती पलंगावर बसली होती, मागे खोलीतली चिनी मुलगी पुस्तक घेऊन, दार उघडं, बाहेरून हिंदीत कुणाचं तरी भांडण ऐकू येत होतं. पाकिस्तानी, नेपाळी, आपली, सगळी मुलं त्याच मजल्यावर.

"पप्पा," ती म्हणाली, आणि मागे बघून थांबली. मग हळू म्हणाली, "मी मराठीत बोलते. इकडे सगळ्यांना इंग्लिश कळते. हिंदी पण."

"बोल, बाय," मी म्हटलं. वसईत आम्ही मुलीला लाडाने बाय म्हणतो.

ती शब्द शोधत होती. मला दिसत होतं. ओठ हलायचे आणि थांबायचे. एरवी मी तिच्या तोंडात शब्द कोंबले असते. पण तिला नेमकं काय सांगायचंय हे मला माहीतच नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

"पप्पा, मला... मला घर दुखतंय."

डोकं दुखतं, पोट दुखतं, दात दुखतो. लहानपणापासून हे शब्द ती आमच्याकडे घेऊन यायची आणि आम्ही काहीतरी चोळायचो. त्याच शब्दांतून तिने हे जुळवलं होतं. घराची आठवण येते असं म्हणतात, हे तिला येत नसेल किंवा आठवलं नसेल. आणि मला त्यापेक्षा खरं मराठी कुणी बोललेलं आठवत नाही. वसई सोडून मी इथे आलो तेव्हापासून मला जे होत होतं आणि ज्याला मी कधी ॲसिडिटी म्हणत होतो, कधी हवामान, त्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.

"कुठे दुखतं?" मी विचारलं. काय विचारलं हे माझं मलाच नंतर ऐकू आलं.

तिने गळ्याखाली हात ठेवला. "इथे. सकाळी जास्त." डोळे भरून आले होते, पण मागच्या मुलीला ते दिसू नयेत म्हणून ती ताठ बसली होती. "पप्पा, हे किती दिवस दुखतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळांना दिलेलं आहे. नवीन पोरं नोकरीला लागतात, रडवेली होतात, त्यांना मी सांगतो, सहा महिने, मग सवय होते. जिभेवर आलंही होतं.

"मला माहीत नाही, बाय," मी म्हटलं. "माझं अजून थांबलेलं नाही."

तिने मान वर केली. "तुला पण?"

"मला पण."

"पण तू तर म्हणतोस, मस्कत तुला आवडतं."

"आवडतंच. ते खोटं नाही. दुखतं पण."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिने नाक ओढलं. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिने माझ्याकडे कधी बघितलं होतं ते मला आठवेना. मला वाटलं आता म्हणेल, येऊ का परत? आणि मी मनात ठरवून टाकलं होतं, ये म्हणायचं, लोकांना काय सांगायचं ते मी बघेन, तेवढं तोंड मला आहे.

"मग मी पण राहून बघते," ती म्हणाली. "पण तू फोन ठेवू नको."

"नाही ठेवत."

"आणि काही सांगू पण नको."

तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि जाडजूड पुस्तक उघडलं. मला तिचा भांग दिसत होता आणि पान उलटणारा हात. मधूनच ती वर बघायची, मी आहे ना याची खात्री करायची, आणि पुन्हा खाली मान घालायची. मी रडत होतो. ते तिला दिसत होतं, मी लपवलं नाही.

बायको हात पुसत बाहेर आली. तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय हो, लागलाय ना फोन? मग बोलत का नाही?"

"बोलतोय," मी म्हटलं.