शिष्यवृत्तीचा अंगठा

चांद्याच्या कचेरीत मी कारकून असताना दर आषाढात जंगलातल्या गावाहून एक गृहस्थ यायचे. त्यांचं नाव आता आठवत नाही. त्यांची एकुलती लेक नागपूरला कॉलेजात शिकत होती. तिची शिष्यवृत्ती पुढे चालू राहायची तर विद्यापीठाच्या फॉर्मवर दरवर्षी आमच्या कचेरीत येऊन पालकाचा अंगठा द्यावा लागे. बसण्याआधी ते धोतराच्या सोग्याने पायांची धूळ पुसत.

एका वर्षी शाई लावलेला अंगठा त्यांनी कागदावर तसाच अधांतरी धरला.

"बाबू, अंगठा नाई देला त पोरगी घरी येईन का?"

"येईल. पण तिचं शिक्षण सुटेल, भाऊ."

"तिची माय जाऊन वरीस झालं. घरात बोलाले कोनी नाई."

एवढं बोलून त्यांनी अंगठा टेकवला, आणि इतका वेळ दाबून धरला, की शेवटी मीच त्यांचा हात हलकेच उचलला.